ठमे, फाइल उघडत नाही

४ मार्च

प्रिय ठमे,
अनेक आशीर्वाद.

फोन लावला की एक बाई सांगते, हा क्रमांक सध्या उपलब्ध नाही. काय गोड सांगते! मी दोनतीनदा तिच्याशीच गप्पा मारल्या. शेवटी काकू म्हणाली, "त्या बाईला कशाला छळता? कागद घ्या." म्हणून हा कागद. माझा नंबर तू बंद केलास, पोस्टमनला कसा बंद करशील? वाचायचं की फाडायचं ते तुझं तू ठरव. पण तू वाचशील. बंद पाकीट समोर ठेवून गप्प बसणारी तू नाहीस.

तर, फाइल उघडत नाही.

आपल्या दुकानाच्या हिशेबाची फाइल. नाव दिसतं, बटण दाबलं की निळी पट्टी अर्ध्यापर्यंत धावत जाते, तिथं काहीतरी आठवल्यासारखी थबकते आणि तांबडी फुली येते. खालचा मजकूर मी पाठकोऱ्या कागदावर हुबेहूब उतरवून सोबत जोडलाय, फुलीसकट. "अंतर्गत त्रुटी. माहिती वाचता येत नाही. फाइल खराब झाली असण्याची शक्यता आहे." शक्यता आहे म्हणे! डॉक्टरनं नाडी सोडून द्यावी आणि म्हणावं, पेशंटला बरं नसण्याची शक्यता आहे.

आमच्या राजांनी सगळे उपाय केले. म्हणजे कॉम्प्युटर बंद केला आणि चालू केला. मग की-बोर्ड उलटा करून झटकला, त्यातून बिस्किटाचा चुरा पडला, तो मी बघितला नाही असं दाखवलं. मग राजे म्हणाले, "बाबा, हे त्या ठमीनंच जाताना करून ठेवलंय." मी म्हटलं, "अरे शहाण्या, ती जाऊन दीड वर्ष झालं. दीड वर्षानं पेटणारी वात कोण लावून जातं?" तरी विचारून ठेवतो, रागावू नकोस. काही करून नाही ना ठेवलंस?

जळलेली मोटार माझ्यापुढे आण. चालू करून नुसता कान लावतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग. उभा जन्म कानावर काढला. पण हे यंत्र मुळी आवाजच करत नाही. त्याचं काय दुखतंय ते मला कसं कळणार? लवकर लिही.

तुझा,
काका

११ मार्च

ती. काका,
नमस्कार.

पत्र मिळालं. पाकीट दोन दिवस तसंच टेबलावर पडून होतं. मला काही झालं नाही.

आधी राजांची शंका फेडते. मी जाताना काही करून ठेवलं नाही. करायचं असतं तर त्याच दिवशी केलं असतं. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "उद्यापासून खुर्चीवर राजे बसतील. तू त्याला शिकव. मुलगी काय, आज ना उद्या जाणारच." त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी फाइल बंद केली, प्रत काढली, कपाटाची किल्ली काकूंच्या हातात दिली. आणि गेले. तुम्ही म्हणाला होतात तशीच.

आता फाइल. पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा उघडून बघणं थांबवा. जखमेची खपली रोज काढून बघितली तर ती भरत नाही. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो आख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे त्याची नक्कल करा. नुसती फाइल नाही, आख्खा फोल्डर. मग प्रोग्रॅममध्ये 'दुरुस्ती' म्हणून बटण आहे, ते त्या नकलेवर चालवा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. हे सगळं राजांना करू द्या, पण तुम्ही मागे उभे राहा.

दुरुस्तीनं नाही झालं तर कपाटात वरच्या फळीवर बेअरिंगचं एक रिकामं खोकं आहे. त्यात पेनड्राइव्ह. दर शनिवारी मी प्रत काढून त्यात ठेवायची. राजांनी ते चालू ठेवलं असेल तर निम्मं काम झालं. नसेल ठेवलं तर पुढचं पत्र लिहू नका, मला ऐकवणार नाही.

एक विचारायचंय. मिस्त्री मोठी मोटार तपासायला घेतात तेव्हा कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो का? टेबलाखालची बॅटरीची पेटी जागेवर आहे ना?

इथं मी दिवसभर हेच करते. कानाला हेडफोन, पलीकडे कुणी अनोळखी माणूस, त्याची फाइल उघडत नसते आणि तो माझ्यावर ओरडत असतो. तुमच्या पत्राला निदान आवाज नव्हता.

आईचा तुम्हाला आणि काकूंना नमस्कार.

तुमची,
ठमी

१८ मार्च

प्रिय ठमे,
अनेक आशीर्वाद.

उघडली! पोरी, उघडली! दुरुस्तीचं बटण निम्म्यात धापा टाकून बसलं, पण बेअरिंगच्या खोक्यानं लाज राखली. राजांनी प्रती काढल्या होत्या. दर शनिवारी नाही, आठवण येईल तेव्हा. पण शेवटची आठवण फेब्रुवारीत आली होती, तेवढं पुरलं. पुढच्या नोंदी बिलं बघून पुन्हा भरायला बसवलंय. तोंड असं करून बसलेत की गिऱ्हाईक विचारतं, घरी कुणी आजारी आहे का.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू माझ्यापेक्षा लांबून ऐकतेस, हे कबूल करतो. बॅटरीची पेटी टेबलाखाली नाही. ती दारातल्या काचेच्या पेटीला जोडलीय. राजांनी मासे पाळलेत. गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटतं म्हणे. वीज गेली की माशांचा हवेचा पंप बंद पडतो आणि ते घाबरे होतात. म्हणून हिशेब वाऱ्यावर आणि मासे बॅटरीवर.

आणि दुसरं. तुझं पत्र वाचल्यावर मी काल दिवसभर काही काम केलं नाही, नुसता कान देऊन बसलो. मिस्त्रींनी विहिरीवरची मोठी मोटार बाकावर चढवली. तुला आठवतंच, आपल्या दुकानात ती मोटार चालू केली की दिवे मंद होतात. मिस्त्री मागून ओरडले, "लाइन देऊ?" तुझ्या वेळेला तू काय करायचीस? हातातली नोंद पुरी करायचीस, फाइल बंद करायचीस, आणि मग इथून तुझा आवाज जायचा, "द्या!" त्याशिवाय मिस्त्री बटणाला बोट लावायचे नाहीत. काल काय झालं? "लाइन देऊ?" राजांच्या कानात गाणी. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं. राजांनी मान डोलवली, ती गाण्याला. मिस्त्रींना वाटलं, होकार. दिली लाइन! दिवे डोळे मिटल्यासारखे झाले आणि कॉम्प्युटर फट्. फाइल उघडीच. असं म्हणे आठवड्यातून पाचसहादा होतं. मिस्त्रींना विचारलं, "तुम्हाला कळत नाही?" तर म्हणाले, "शेठ, मी विचारतो. उत्तर कुणाचं येतं ते बघायचं काम माझं नाही."

म्हणजे दीड वर्ष झालं, दुकानात कुणी "द्या" म्हणत नाही. इतके दिवस मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, कळत नव्हतं काय ते. एखाद्या मोटारीचा रोजचा घरघराट बंद व्हावा, तसं. आता कळलं.

परवा एक जुनी मोटार आली. उघडली आणि हात थांबला. गुंडाळी तुझ्या बाबांची. तार ओढून घेताना तो शेवटचा वेढा जरा आडवा टाकायचा, बघ. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली आणि अजून मोटार चालत होती. मी मिस्त्रींना म्हटलं, फक्त बेअरिंग बदला, आतलं तसंच राहू दे.

राजांचा जीव काही या खुर्चीत नाही. खुर्ची भरलेली दिसते, पण ती रिकामीच आहे.

तुझा,
काका

२५ मार्च

ती. काका,
नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. बाबांच्या आडव्या वेढ्याशी आले तेव्हा ती उठून गॅसजवळ गेली. गॅसवर काही नव्हतं.

बॅटरीची पेटी आजच्या आज परत टेबलाखाली आणा. माशांना दुसरी घ्या. फेब्रुवारीनंतरच्या नोंदी भरताना तारीख बिलावरची घाला, भरण्याच्या दिवसाची नको. राजे ती चूक करतील. त्यांना सांगा, मी आधीच सांगितलं होतं असं. आणि कानातलं काढायला लावा. नाहीतर सांगा, कानात घाल, पण "द्या" म्हटल्याशिवाय गाणं बदलायचं नाही.

हे सगळं लिहून झालंय, पण पत्र पुरं होत नाही. खरं म्हणजे मला दुसरंच विचारायचं आहे.

इथलं काम वाईट नाही. वर फिरता पंखा, खाली एकाला एक लागून टेबलं, प्रत्येकाला पाठ खुर्चीला टेकवायची परवानगी. पण मी ज्यांच्या फायली उघडते त्यांचं पुढे काय झालं, मला कधीच कळत नाही. उघडली की ते फोन ठेवतात. आपल्याकडे फाइल उघडली की मागून तार ओढल्याचा आवाज यायचा, वार्निशचा वास यायचा. मी कुणाचा हिशेब ठेवतेय ते दिसायचं. आईला इथं कुणी ओळखत नाही. ती जिन्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा प्रयत्न करते.

खुर्ची रिकामी आहे, म्हणालात. रिकामी म्हणजे कशी रिकामी, काका?

तुमची,
ठमी

१ एप्रिल

प्रिय ठमे,
अनेक आशीर्वाद.

तारीख बघून थट्टा समजू नकोस. फाइल पुन्हा उघडत नाही.

पण या वेळी फुली नाही, निराळंच बोलतेय. "ही फाइल प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत उघडली गेली आहे. जुन्या आवृत्तीत ती उघडता येणार नाही." मी राजांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. बॅटरी जागेवर आहे, मिस्त्री "द्या" ऐकल्याशिवाय बोट लावत नाहीत (सध्या मीच म्हणतो, माझा आवाज ऐकून ते दचकतात), तरी हे असं. जरा घाईनं कळव. या महिन्यात फाइल धड उघडी असायला हवी. अगदी हवीच.

बाकी इकडे धांदल आहे. इतक्या वर्षांत दुकानाला हात लावला नव्हता, आता सगळं एकदा नव्यानं मांडायचं चाललंय. परवा दोन माणसं फीत घेऊन आली, भिंती मापून गेली. मागच्या खोलीतलं भंगार काढलं. तुझं टेबल हलवलं तर मागे तुझे पेन सापडले, मूठभर! मिस्त्री गोळा करून बसले आणि विचारतात, "ताई येणार का?" मी म्हटलं, "तिच्या मनात आलं तर तिला अडवणार कोण?"

तू विचारलंयस त्याचं उत्तर सवडीनं लिहितो. घाईत लिहायची गोष्ट नव्हे ती. आधी फाइलचं बघ.

तुझा,
काका

७ एप्रिल

ती. काका, काकू,
नमस्कार.

आधी फाइल, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

बिघाड नाही. कुणीतरी आपली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडली. त्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम नवा होता. नवा प्रोग्रॅम जुनी फाइल उघडताना तिला आतून बदलून घेतो, आपल्या सोयीची करतो. मग तीच फाइल कुणीतरी परत आणून आपल्या जुन्या फाइलवर टाकली. आता आपला प्रोग्रॅम तिला ओळखत नाही. यात मागे जाता येत नाही. जुन्यात ती कधीच उघडणार नाही. एक तर नवा प्रोग्रॅम घ्यायचा, नाहीतर आधीची प्रत बसवायची.

कुणी नेली ते मला कळतंय. राजांनी नवा लॅपटॉप घेतला असेल आणि घरी बसून नोंदी भरल्या असतील. म्हणजे चक्क काम केलं! त्यांना रागावू नका.

आता ऐका. मी नोकरी सोडली. सोमवारी चिठ्ठी दिली. साहेब म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, दीड वर्ष तोच करतेय. महिनाअखेरीला मोकळी होईन. खोली सोडतोय असं घरमालकांना सांगितलं, त्यांच्याकडे भाडेकरू तयारच होते. आईनं भांडी बांधायला घेतलीत. रोज एक पातेलं बांधते आणि स्वयंपाकाला लागलं की पुन्हा सोडते.

सगळं नव्यानं मांडायचं चाललंय हे वाचलं आणि मग मला थांबवेना. तुम्ही मापं घेताय, मला न विचारता. म्हणून मीच सांगून टाकते. टेबल आहे तिथंच राहू द्या, मिस्त्री दिसले पाहिजेत. राजांना खुर्ची हवी असली तर त्यांनी दारात बसावं, गिऱ्हाइकाशी गोड बोलावं, त्यांना ते जमतं. मला मोठेपणा नको. नवा प्रोग्रॅम मी आल्यावर बसवते. तोवर कुणी काही दाबू नका.

काकू, तुमची किल्ली आता मला लागेल.

तुमची,
ठमी

१५ एप्रिल

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. रोज कागद घेतो आणि मोटारीची आकृती काढून ठेवून देतो.

फाइल राजांनी घरी नेली नव्हती. राजांकडे लॅपटॉपही नाही. ती नेली होती घेणाऱ्याच्या हिशेबनिसानं. त्याला आधी सगळे व्यवहार बघायचे होते, त्यात वावगं काही नाही. बघितले आणि राजांच्या हाती परत पाठवली. राजांनी आपल्या फाइलवर टाकून दिली.

दुकान विकतोय, ठमे.

माझी पाठ आता मोटार उचलू देत नाही. कानही पहिल्यासारखे नाहीत. परवा बेअरिंग म्हणालो आणि निघालं वाइंडिंग. मिस्त्रींनी सरळ तार उलगडायला घेतली, ते जास्त लागलं. राजांना इथं राहायचं नाही, त्यांचं बाहेर जायचं ठरतंय. मग मी कुणासाठी ओढायचं? तू म्हणशील, माझ्यासाठी. ते माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण तू गेली होतीस. गेलेल्या माणसाला धरून माणूस बेत करत नाही.

घेणारा भला आहे. मापं घेणारी माणसं त्याचीच. मोटारी ठेवणार नाही, पंख्यांची विक्री करणार. जुनी गिऱ्हाइकं आणि येणी मात्र हिशेबासकट घेणार.

आता एक स्पष्ट लिहितो, कारण तुझ्या मनात येईलच. मी तुला ये म्हटलेलं नाही. माझी पत्रं काढून बघ. खुर्ची रिकामी आहे म्हणालो, ती होती. अडवणार कोण म्हणालो, ते मिस्त्रींना. नोकरी सोडण्याआधी तू एका ओळीनं विचारायला हवं होतंस. एवढी हुशार तू. आणि फाइल उघडेपर्यंत मी विक्रीचं काढलं नाही, कारण काढलं असतं तर तू उघडून दिली नसतीस. नसतीसच दिली ना? मी तुला ओळखतो.

असो. मी शब्द टाकलाय. घेणाऱ्याला हिशेबाला कुणीतरी लागणारच. म्हटलं, माझी पुतणी आहे, तयार माणूस आहे, शिकवावं लागणार नाही. तो बघतो म्हणाला.

आता एकच काम. फाइल त्याच्या नव्या प्रोग्रॅमवर उघडते, पण मालकाचं नाव बदलायला गेलं की मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड मागते. मुख्य वापरकर्ता म्हणजे तू. राजांचा चालत नाही. तेवढा लिहून पाठव. त्याशिवाय तो सही करत नाही. व्यवहार अडलाय.

काकूनं किल्ली तुझ्यासाठी पुसून ठेवली होती. तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
काका

२२ एप्रिल

काका,

तुमची पत्रं काढून बघितली. खरं आहे. तुम्ही कुठंही ये म्हटलेलं नाही. इतकी पत्रं, इतका ओलावा, आणि तो एक शब्द तुम्ही बरोबर बाहेर ठेवलात. मोटारीत तार भरताना तुम्ही सांगायचात, हात सैल सोडायचा पण वेढा सोडायचा नाही. तसंच लिहिलंत.

बाबांचा आडवा वेढा तरी खरा होता का? सांगू नका. आईनं तो खरा मानलाय.

साहेबांकडे गेले. चिठ्ठी परत मागितली. माझ्या जागेवर माणूस घेतलाय. मला पुन्हा शिकाऊ म्हणून घेतलं, आठवड्याची सुट्टी गेली. घरमालक म्हणाले, शब्द दिलाय, मोडता येत नाही. त्यांचं बरोबर आहे, त्यांनी खरंच दिला होता. आता कोपऱ्यावरच्या इमारतीत एक खोली बघितलीय, खिडकी जिन्यात उघडते. आई म्हणाली, "बरं झालं, भांडी बांधलेलीच आहेत."

हिस्सा मागत नाही. दुकान कागदावर तुमचं होतं, बाबांचे नुसते हात होते.

पंख्यांच्या दुकानात मी कशाचा हिशेब ठेवू? आणि तुम्ही शब्द टाकलात! माझ्याच खुर्चीसाठी, परक्या माणसाकडे, माझी शिफारस!

पासवर्डचं बघते.

ठमी

३० एप्रिल

प्रिय ठमे,
अनेक आशीर्वाद.

"बघते" म्हणालीस त्याला आठवडा झाला. घेणारा रोज माणूस पाठवतोय.

तुझा राग मी समजू शकतो. बोल मला, हवं ते बोल, माझी पाठ रुंद आहे. पण पासवर्ड अडवून ठेवू नकोस. त्यानं तुझं काय भलं होणार? फाइल म्हणजे काही तुझं दुकान नव्हे. तुझे बाबा गेल्यावर तुला शाळेतून आणायला कोण यायचं? शाई सांडलेला गणवेश कुणी धुतला, काकूनं की परक्या बाईनं? खुर्चीवर बसवून पहिली नोंद करायला तुला कुणी शिकवलं? मी. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आज बोलावं लागलं, याचंच वाईट वाटतं.

आणि ठमे, आपण दोघं बाजारात वाढलेली माणसं. तुझ्या मनात काही असेल तर आडून नको, सरळ सांग. पासवर्डच्या बदल्यात काय हवंय? मी ऐकून घेईन. तुझ्या जागी मी असतो तर मीही असाच अडून बसलो असतो. या बाबतीत तू माझ्यावरच गेलीस, तुझ्या बापावर नाही.

मंगळवारच्या आत कळव.

तुझा,
काका

४ मे

प्रति,
मालक,
मोटार दुरुस्ती दुकान.

विषय : हिशेबाची फाइल न उघडण्याबाबत.

महोदय,

आपले ३० एप्रिलचे पत्र मिळाले. आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड सोबतच्या बंद पाकिटात आहे. त्याबदल्यात काही द्यावयाचे नाही. पहिल्यांदा प्रवेश करताच तो बदलून घ्यावा. त्यानंतर मालकाचे नाव बदलता येईल. तत्पूर्वी संपूर्ण फोल्डरची नक्कल करून ठेवावी.

वापरकर्त्यांच्या यादीत पहिले नाव माझे आहे. ते आता आवश्यक नसल्याने काढून टाकावे. नाव निवडून 'वगळा' हे बटण दाबावे. प्रोग्रॅम एकदा विचारेल, खात्री आहे का. 'होय' म्हणावे. असे केल्याने जुन्या हिशेबाला धक्का लागत नाही. त्या व्यक्तीने केलेल्या सर्व नोंदी जशाच्या तशा राहतात. त्या कोणी केल्या, एवढेच दिसेनासे होते.

याउपर काही अडचण आल्यास नव्या मालकांनी त्यांच्या हिशेबनिसाकडे चौकशी करावी. या पत्त्यावर पत्र पाठवू नये, आम्ही येथून जात आहोत.

आपली तक्रार सोडवली असे समजून बंद करण्यात येत आहे.

आपली विश्वासू,
शिकाऊ मदतनीस